१७ विरुद्ध १३

अमेरिकी बेसबॉलमधल्या ‘अमेरिकन लीग’चा २०२५ चा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ (सर्वात मोलाचा खेळाडू) पुरस्कार न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजला मिळाला, तोही पहिल्या पसंतीच्या १७ विरुद्ध १३ मतांनी. माझा कौल मात्र ती १३ मते मिळवणाऱ्या, सिॲटल मरिनर्सच्या कॅल रॅलीला होता. फलंदाजामागे उकिडवे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरची गुडघे मोडणारी जबाबदारी सांभाळून ज्याने हंगामात ६० होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) फटकावले, त्याच्यापुढे जजची .३३१ ची फलंदाजीची सरासरीही मला फिकी वाटते. तरी तक्रार नाही. मत देणाऱ्या ३० क्रीडापत्रकारांपैकी कोणी कोणाला कितवा क्रम दिला हे नावानिशी जाहीर होते आणि त्यावर हवे तेवढे भांडता येते.

त्याच वर्षी विनोदाच्या वाट्याला एवढा मोकळेपणा आला नाही. विनोदी निवेदक स्टीफन कोल्बेरचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम ‘लेट शो’ बंद करण्यामागे सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीने आर्थिक कारण सांगितले, आणि दोनच महिन्यांत त्याच कार्यक्रमाला दूरचित्रवाणीचा मानाचा एमी पुरस्कार मिळाला! सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी प्रसारण परवान्यांचा धाक घातल्यावर एबीसी वाहिनीने काही तासांत मान तुकवून जिमी किमेल या विनोदी निवेदकाचा कार्यक्रम थांबवला. प्रेक्षकांच्या संतापामुळे म्हणा, किमेल आठवडाभरात परतला. पण एबीसीचे कार्यक्रम दाखवणारी स्थानिक केंद्रे ज्यांच्या मालकीची आहेत, त्या नेक्स्टार आणि सिंक्लेअर या कंपन्यांनी आपल्या केंद्रांवर त्याला आणखी काही दिवस बंदच ठेवले.