कडी वाजवायच्या आधी

नर्स म्हणून कसबा पेठेत क्षयरुग्णांच्या घरी जायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. वाड्याच्या चौकात उभं राहून मी रुग्णाचं नाव मोठ्यानं विचारलं. नळावर भांडी घासणाऱ्या दोघींनी माना वर केल्या. मागच्या खोलीतून सासूबाई आल्या, "आमच्याकडे कुणी आजारी नाहीये, बाई," म्हणाल्या आणि आतून कडी लावून घेतली. सून आत खोकत होती, मला ऐकू येत होतं. पुढचे तीन आठवडे ती औषधाला फिरकली नाही. ते तीन आठवडे मला अजून टोचतात.

घरात शिरणाऱ्या सरकारी माणसाची धास्ती या पेठांना जुनी आहे. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरांत झडत्या घेत, सामान रस्त्यावर काढत, माणसं उचलून नेत. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघालं, आणि रमाबाई रानड्यांनी मुलींना, विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. रुग्णाचं मलमूत्र काढणं हलकं समजलं जायचं, त्या काळात. मी ज्या नोकरीवर जगले ती त्यांच्या हिमतीवर उभी आहे, असं मी मानते.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये लिलियन वाल्ड या नर्सनं १८९३ पासून हेन्री स्ट्रीटच्या वस्तीत हेच काम उभं केलं. त्यांच्या नर्सेस एका चाळीचे जिने उतरून दुसरीचे चढत बसायच्या नाहीत, गच्चीवरून गच्चीवर जायच्या. डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे, कुणीही बोलवावं. आणि क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं! स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडलं. तरी त्या जात राहिल्या. दूध-अंडी पोटात जातायत का बघायचं, वेगळं अंथरूण घालायला लावायचं, थुंकीचे कागद जाळायला शिकवायचं, खिडकी उघडायची. पिशवीत गोळी नसताना रोज ते जिने चढायला काय लागत असेल, हे मला गोळ्या घेऊन चढताना कळलं.

मी परत गेले ती संध्याकाळी, साध्या साडीत, पिशवी न घेता. सासूबाईंनी दार किलकिलं केलं, मी चपला काढून आत गेले आणि आधी पाणी मागितलं. खोलीला एकच खिडकी, तिच्यापुढे ट्रंक आणि ट्रंकेवर छतापर्यंत गाद्या. खोकल्यातून उडालेले जंतू कोंदट हवेत तासन्‌तास तरंगतात, वारा खेळला की पांगतात, हे मी सांगत बसले नाही. तिघींनी मिळून गाद्या हलवल्या. मग सुनेला म्हटलं, गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नकोस, ते रक्त नाही. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच दिवशी औषध सुटतं. आणि दोन महिन्यांत बरं वाटेल, तेव्हाही थांबायचं नाही, पुरे सहा महिने.

घरी ठेवून माणूस बरा होतो का, असं सासूबाईंनी विचारलं. होतो. मद्रासमध्ये क्षयरुग्णांवर झालेल्या अभ्यासानं १९५९ मध्येच दाखवलं की घरी नीट औषध घेणारे सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यानं घरच्यांचा धोका वाढत नाही. मी त्यांना मद्रास सांगितलं नाही, नुसतं "होतो" म्हटलं.

गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स सासूबाई देवाच्या कोनाड्याखाली एका डब्यात जपून ठेवायच्या, मी गेले की पुढ्यात मोजायच्या. शेवटच्या महिन्यात तर दाराशीच उभ्या. "चहा टाकलाय, आधी बसा." चौकातल्या बायकांना त्यांनी मी भाचीची मैत्रीण आहे असं सांगून ठेवलं होतं. परवा लक्ष्मी रोडला त्यातली एक भेटली, भाची कशी आहे म्हणाली. मजेत आहे, म्हटलं.