दचकतो की गं!

सासूबाई महिनाभर ताटली वाजवून बघत होत्या. “दचकतो की गं, ऐकू येतं त्याला!” पण एक कान चांगला असला तरी बाळ दचकतंच. जन्मानंतरच्या ओएई चाचणीत (नवजात बाळाच्या ऐकण्याची पहिली तपासणी) डाव्या कानाला ‘रेफर’, म्हणजे ‘पुढे तपासा’, असं आलं होतं. डिस्चार्जच्या गडबडीत कुणी नीट समजावलंच नाही. रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे, कानात द्रव राहिला तरी येतं. मात्र ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ च्या आत उपचार सुरू व्हायला हवेत.

आज वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी. बाळ झोपलेलं लागतं, म्हणून सकाळपासून जागं ठेवलं (रडलो सगळेच). शेजारी एक आई कानाला पिटुकली यंत्रं लावलेल्या लेकीशी अखंड बडबडत होती. मला म्हणाली, “बोलत राहा हो, लाजू नका.”

परतताना लोकलमध्ये मी त्याला एकेक स्टेशन सांगत आले.