मामांच्या माळातला मुरूम

सांगोल्याकडं मामांचं एक एकर माळरान आहे, हुलग्याशिवाय तिथं काही येत नाही. शेजारनं रस्त्याचं काम निघालंय म्हणून ठेकेदार मुरूम मागायला आला, आणि मामांचा लगेच मला फोन, "तू साईटवर असतोस ना, जरा बघ की."

आधी हिशोब केला. एक एकर म्हणजे 43,560 स्क्वेअर फूट, दहा फूट खोदलं तर 4,356 ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पण बांधापासून वीस फूट सोडायचं आणि कडा उभ्या न ठेवता उतरत्या ठेवायच्या म्हटल्यावर निम्म्याच्या आसपासच निघतो, मामांचं तोंड उतरलं. पण उभ्या कडेचा खड्डा मी बघितलाय हो, पलीकडच्या वाडीत एकजण खोदून गेला तो परत आलाच नाही, पावसाळ्यात त्यात पाणी भरतं आणि पोरं पोहायला उतरतात.

अजून एक, मुरूम खोदला की फुगतो. खड्ड्यातला एक ब्रास हायवामधे, म्हणजे मोठ्या डंपरमधे, सव्वा ब्रासच्या आसपास भरतो, त्यामुळं मोजायचं खड्ड्यात का गाडीत हे रेट ठरवतानाच बोलून घ्या, नंतर भांडण ठरलेलं. तात्पुरता सरकारी परवाना काढल्याशिवाय आणि मुरमाची रॉयल्टी सरकारला भरल्याशिवाय पोकलेन बांधाच्या आत येऊ द्यायचं नाही हे तर आहेच.

माझा खरा हट्ट वरच्या मातीचा. वरची वीतभर माती पहिल्यांदा खरवडून बाजूला काढायची, मुरमात मिसळू द्यायची नाही. ढीग पाच-सहा फुटांच्या वर नको, खालची माती दबून मरते, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर हुलगाच टाकायचा. काम संपलं की तळाला एका कोपऱ्याकडं उतार द्यायचा, त्या कोपऱ्यात शेततळं होईल, बाकीच्या तळावर माती परत पसरायची. हे सगळं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलंय आणि शेवटचं पेमेंट यायच्या आधी माती पसरून झाली पाहिजे असंच ठरवलंय (उलटं ठेवलं असतं तर पोकलेन दुसऱ्या दिवशी गायब).

धुरळ्याचा विषय शेजारच्या अप्पांनी काढला. त्यांची डाळिंबाची बाग बांधाला लागून, आंबे बहार धरलाय, म्हणजे जानेवारीत फुलं निघणार आणि त्यावर धूळ बसली तर सेटिंगचं, म्हणजे फळं धरण्याचं, काय. म्हणून काम दिवाळीनंतर लगेच चालू करून डिसेंबरात संपवायचं, गाड्यांचा रस्ता बागेच्या उलट्या बाजूनं, ताडपत्रीशिवाय गाडी बाहेर नाही, आणि सकाळ-दुपार टँकरनं पाणी मारायचं. ऊन असलं तर तिसऱ्यांदा पण.

मामा म्हणाले, "अरे पाणी मारायचं म्हणतोस, आणायचं कुठनं?"

मी गप्प. अप्पाच बोलले, "बाग ताणावर हाय, पाणी बंद केलंय, बोरचं पाणी पडूनच हाय तवर. न्या पाणी, पण डिसेंबरात उरका."