हिरवा कोट, लाल कोट

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारपासून ‘क्लिफ हँगर’ खेळत बसलो होतो. शिकागोच्या स्टर्न इलेक्ट्रॉनिक्सने १९८३ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांसाठी, काढलेला हा लेझरडिस्कवरचा (चित्रपट साठवणाऱ्या मोठ्या तबकडीवरचा) खेळ ‘डॅफ्नी’ या एम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममुळे, आता घरच्या संगणकावरही चालतो. त्यातली चित्रे मुळात खेळासाठी काढलेलीच नाहीत. लुपिन या जपानी कार्टूनमधल्या चोराच्या दोन चित्रपटांतले, म्हणजे १९७८ च्या ‘द मिस्ट्री ऑफ मामो’तले आणि १९७९ च्या ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’तले तुकडे कापून त्यांना इंग्रजी संवाद जोडले आहेत आणि लुपिनचे नाव क्लिफ ठेवले आहे.

खेळणाऱ्याच्या हाती एक जॉयस्टिक आणि दोन बटणे असतात, एक हातांचे आणि दुसरे पायांचे. नेमक्या क्षणी नेमकी हालचाल केली तर चित्रपट पुढे सरकतो. चुकलो की नायक फासावर लटकताना दिसतो. हे दृश्य ‘मामो’च्या आरंभातून उचललेले आहे. ते नको असेल तर यंत्रातला एक स्विच फिरवून बंद करण्याची सोय आर्केडच्या मालकाला होती; मी मालक असतो तर तो पहिल्याच दिवशी फिरवला असता.

दोन चित्रपटांचा सांधा लपत नाही. कॅसिनोतून पैसे घेऊन पळताना क्लिफचा कोट हिरवा असतो, आणि महामार्गावर अजस्र ट्रक पाठीमागे लागतो तेव्हा तो अचानक लाल झालेला असतो. चेहराही बदलतो: ‘कॅग्लिओस्त्रो’चे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा लुपिन गोलसर व मवाळ, तर ‘मामो’तला हाडकुळा आणि बेरकी. तरीही ट्रकचा पाठलाग मला खेळ म्हणून सर्वांत रंगतदार वाटला, कारण तिथे मुळातच सुटकेपलीकडे काही घडत नाही.

किल्ल्याच्या छतावर मात्र सगळे बिघडते. चित्रपटात लुपिनच्या हातून दोर बांधलेले छोटे रॉकेट निसटते, ते पकडायला तो उतरत्या कौलांवरून धावतो, वेग आवरत नाही आणि शेवटी निरुपायाने तो एका छतावरून दुसऱ्यावर झेप घेत सुटतो. एवढ्या मोठ्या पराक्रमाचे मूळ एका फजितीत आहे, हाच मियाझाकींच्या त्या प्रसंगातला विनोद. खेळात त्याच चित्रांवर मी पायांचे बटण अचूक वेळी दाबायचे असते. साहजिकच ती झेप क्लिफने ठरवून, हिशेबाने मारल्यासारखी होते आणि पडद्यावरचा माणूस गडबडलेला दिसत असूनही मला हसू येत नाही, कारण माझे सगळे लक्ष पुढच्या बटणाकडे असते. चित्र तेच, चौकट तीच, पण अपघाताचे कौशल्य झाले की त्या प्रसंगातला लुपिनच हरवतो.