‘साफ’ केलेल्या जमिनीखाली काय असतं? डेट्रॉइटच्या परिषदेतला एक दिवस

मी ओहायोमधे एका कन्सल्टिंग कंपनीत आहे. जुने कारखाने, पेट्रोल पंप, ड्राय क्लीनर यांच्या जागा कोणी विकत घ्यायच्या आधी तिथे काय काय होऊन गेलंय ते शोधायचं, हे माझं काम. पहिल्या टप्प्याला फेज वन म्हणतात. विमा कंपन्यांसाठी केलेले जुने सॅनबॉर्न नकाशे काढायचे, त्यात कुठल्या इमारतीत कसला धंदा होता, टाकी कुठे होती इथपर्यंत दिसतं, मग विमानातून काढलेले फोटो, शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, मग जागेवर फेरी आणि आजूबाजूच्या लोकांशी बोलणं. संशय आला की फेज टू, म्हणजे ड्रिल रिग आणायची आणि माती, भूजल, मातीतली हवा यांची सॅम्पल लॅबला पाठवायची. माझं काम रिपोर्ट दिला की संपतं, पुढे त्या जागेचं काय होतं ते मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं. म्हणून ऑगस्ट 2023 मधे राष्ट्रीय ब्राउनफील्ड (म्हणजे प्रदूषणाचा संशय असलेल्या, पडून राहिलेल्या जुन्या जागा) परिषदेला ऑफिसने पाठवलं तेव्हा मी खूप खूश होते.

परिषद डेट्रॉइटला, नदीकाठच्या हंटिंग्टन प्लेसमधे. अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था ईपीए आणि शहर व्यवस्थापकांची संघटना आयसीएमए मिळून भरवतात. मला वाटलं होतं सगळे आपल्यासारखे इंजिनियर आणि जिऑलॉजिस्ट असतील, पण तिथे महापौर, वकील, बँकवाले, बिल्डर, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी, वस्तीतल्या संघटना, सगळेच. अर्ध्या गप्पा ग्रँटच्या, कारण 2021 च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात एकट्या ब्राउनफील्डसाठी 1.5 अब्ज डॉलर ठेवलेत.

मला जे सांगायचंय ते एका छोट्या खोलीतल्या सेशनबद्दल, ज्याला फार लोक नव्हते.

विषय होता साफसफाई झाल्यानंतरची देखरेख. कसंय, लोकांना वाटतं जमीन साफ केली म्हणजे खालची सगळी घाण उचलून नेली. तसं क्वचित होतं. खर्च परवडत नाही आणि कधीकधी उकरल्याने धोका वाढतोसुद्धा. त्यामुळे आधी ठरवतात की इथे पुढे काय होणार, कारण राहत्या घरांसाठी मातीतल्या शिशाची किंवा आर्सेनिकची मर्यादा कडक आणि गोडाऊनसाठी सैल. मग सगळ्यात वाईट माती काढून न्यायची, उरलेल्यावर चांगल्या मातीचा थर किंवा डांबरी पार्किंग घालून झाकायचं आणि जमिनीच्या कागदपत्रांत कायमची बंधनं नोंदवायची की इथे विहीर नको, तळघर नको, न विचारता खोदकाम नको, राहायला घरं नकोत. हे मी पुस्तकात शिकले होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, शास्त्राला धरूनच आहे ते.

बोलणाऱ्या बाई एका राज्याच्या पर्यावरण खात्यातल्या होत्या. त्यांनी एक फोटो दाखवला, झाकलेल्या जागेवर केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराने सरळ चर खणलाय आणि खालची काळी माती वर ढीग करून ठेवलीय, बाजूला माणसं साध्या बुटांत उभी. परमिट होतं, केबलचा नकाशा होता, फक्त खाली काय आहे ते त्या माणसांना कोणीच सांगितलं नव्हतं, कारण बंधनाचा कागद रेकॉर्ड ऑफिसच्या एका फाइलीत आणि खोदकामाचं परमिट दुसऱ्याच ऑफिसातून.

मग त्या रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या लव्ह कॅनाल वस्तीवर आल्या. ते प्रकरण आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, पण सांगताना नेहमी 1978 पासून सांगतात, आणीबाणी जाहीर झाली, लोइस गिब्ज नावाच्या आईने आख्खी वस्ती उभी केली, त्यातून सगळ्यात घातक जागा साफ करण्यासाठीचा 1980 चा सुपरफंड कायदा आला. बाईंनी 1953 पासून सुरुवात केली. नायगारा फॉल्समधल्या त्या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर या रसायनं बनवणाऱ्या कंपनीने जवळपास 20 हजार टन रासायनिक कचरा पुरला होता आणि ती जागा शाळा मंडळाला 1 डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिलेलं होतं की इथे रासायनिक कचरा आहे. लिहिलेलं होतं! तरी त्यावर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली, आणि घरं घेणाऱ्या कित्येकांना काहीच कल्पना नव्हती. म्हणजे कागद होता, पण त्या कागदाने कोणाचाच बचाव झाला नाही. मी नोट्स घेणं थांबवलं आणि नुसती ऐकत बसले.

जेवताना माझ्या टेबलावर डेट्रॉइटच्याच साठी-पासष्टीच्या एक बाई होत्या, मोकळ्या प्लॉटवर भाज्या लावणाऱ्या गटातल्या. शिशाच्या भीतीने त्या जमिनीत काहीच लावत नाहीत, लाकडी चौकटीत विकतची माती भरून त्यात टोमॅटो, कोलार्ड. त्यांनी मला विचारलं की तुम्ही लोक जो रिपोर्ट करता त्याची प्रत शेजारच्या घरांना मिळते का. नाही मिळत, तो पैसे देणाऱ्याचा असतो. त्या यावर चिडल्या नाहीत, त्यांनी मॅडिसन हाइट्सची गोष्ट काढली, तिथून जवळच आहे ते, डिसेंबर 2019 मधे हायवेच्या भिंतीतून हिरवंगार पाणी झिरपायला लागलं होतं. वरच्या बंद पडलेल्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्याच्या तळघरातल्या खड्ड्यातून आलेलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. कारखाना 2016 मधेच बंद पाडला होता, ईपीएने येऊन पिंपं वगैरे उचललीही होती. बाई म्हणाल्या, हिरवं होतं म्हणून दिसलं, बाकीच्यांना कुठे रंग असतो. आणि खरंय ते, ड्राय क्लीनर कपडे धुवायला वापरतात ते पर्क नावाचं रसायन पाण्यापेक्षा जड, खाली खाली जातं आणि त्याची वाफ वरच्या घरात येते, दिसत तर नाहीच आणि थोडं असेल तर वाससुद्धा येत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घाण खाली ठेवायची तर ठेवा, पण तिची आठवण ठेवणं हा साफसफाईचाच भाग आहे, त्याला बजेट हवं, माणूस हवा, आणि वस्तीच्या हातात साध्या भाषेतला कागद हवा. सुपरफंडच्या जागांवर घाण तिथेच ठेवली तर दर 5 वर्षांनी परत तपासणी सक्तीची आहे, साध्या ब्राउनफील्डला मात्र राज्याराज्याप्रमाणे वेगळं. परत आल्यावर मी साहेबांकडे धरून बसले आणि आता आमच्या टीमच्या प्रत्येक फेज टू रिपोर्टला एक साधं पान जोडतो, जागेचा मालक हो म्हणाला तर ते शेजाऱ्यांना वाटतो. सगळे हो म्हणत नाहीत.

तिकडे बसून सारखा आपला सातबारा आठवत होता. गावाकडे बाबांनी सोसायटीचं पीककर्ज काढलं की इतर हक्कात बोजा चढतो, जमीन घेणारा आधी तेच बघतो, त्याला कुठल्या फाइली शोधत फिरावं लागत नाही. जुलै 2025 मधे भारतातही प्रदूषित जागांचे स्वतंत्र नियम आले, देशात अशा 103 जागा नक्की झाल्यात आणि जेमतेम 7 ठिकाणी काम सुरू झालंय अशी बातमी तेव्हा होती. उद्या एमआयडीसीतल्या बंद कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहतील, तेव्हा खाली काय झाकलंय ते फ्लॅट घेणाऱ्याला सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवरच दिसलं पाहिजे. महसूल खात्यातलं कोणी वाचत असेल तर प्लीज सांगा, कर्जाच्या बोज्यासारखी प्रदूषणाची नोंद आज घालता येते का, आणि घालायची तर फेरफार कोणाच्या आदेशाने होईल?