अर्धा तांब्या

बीड जिल्ह्यातल्या सौताड्याचा धबधबा कसा होता म्हणून कोणी विचारलं की मी सांगतो, गर्दी फार होती. खरं म्हणजे मी तिथे पोचलोच नाही.

२०२५ चा सप्टेंबर, नवरात्राचं तोंड. पुणे ते बीड कंबर मोडली, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. सकाळी बीडमधून पाटोद्याची काळीपिवळी धरली. मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत छान ऊन होतं. पुढे रस्त्यात झाड पडलंय असं कळलं म्हणून ड्रायव्हरने गाडी आडवाटेला घातली, आणि एका ओढ्यावरच्या नळकांडी पुलापाशी आम्ही थांबलो. पुलावरून पाणी चाललं होतं, जेमतेम वीतभर. आमच्या डोक्यावर एक थेंब नाही.

"घाला हो गाडी, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?" असं म्हणणारा मीच. चौदा माणसं कोंबलेल्या त्या जीपमध्ये ओढा कधी न पाहिलेला एकटा मी, आणि अक्कल मीच शिकवत होतो. ड्रायव्हरने किल्ली काढून खिशात टाकली. "वर डोंगरात अंधारून आलंय, ते बघा," एवढंच बोलला.

आधी वास आला, कुजक्या पाल्याचा. मग वरच्या वळणावर दगड गडगडल्याचा आवाज. आणि चहाच्या रंगाचा लोंढा काटक्या, फेस ढकलत आला. पुलाच्या कडेला चुना मारलेले दगड होते. मी ते मोजायला लागलो. सहावा मोजायच्या आत सगळे बुडाले. मुळासकट उपटलेलं सोयाबीन, ठिबकच्या नळ्यांचा गुंता, एक निळी घागर. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं आणि दोन फुटांना जीपही टिकत नाही, हे मी नंतर वाचलं. लाज वाटायला तेवढं पुरलं.

जीपमध्ये 'ढगफुटी, ढगफुटी' सुरू झालं. एका म्हाताऱ्यांनी सगळ्यांना गप्प केलं. तासाला १०० मिलिमीटर पडला तर ढगफुटी, महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, दिवसाला ६५ च्या वर गेला तर अतिवृष्टी. अनुदानाच्या फेऱ्या मारून आकडे पाठ झालेले. बालाघाटाच्या डोंगराचा उतार बोडका, मुरमाड. त्यावर पाणी ठरत नाही. खालची काळी जमीन एकदा फुगली की भेगा मिटतात, मग ती पाणी पितच नाही. उन्हाळ्यात त्याच भेगांत बैलाचा पाय अडकतो म्हणे.

जवळच्याच वस्तीवरच्या मावशींनी बोलावलं. अंगणात घोटाभर चिखल, पडवीच्या पायरीला पाणी लागलेलं. "ये लेकरा, पानी उतरल्याबिगर कुनी जात न्हाई." त्यांनी पाय धुवायला तांब्या दिला. आत डोकावलो तर अर्धाच भरलेला! समोर ओढा धो-धो वाहतोय आणि हातात अर्धा तांब्या. मी हसलो असणार, कारण त्या जरा ओशाळल्या. "हात तसाच पडतो बघ," म्हणाल्या.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं. त्याच साली मावशींची धाकटी लेक लातूरला शिकत होती. रोज फोनवर 'आज आंघोळ केली का' हाच प्रश्न. त्या हे अगदी साधेपणाने सांगत होत्या, भाकरी थापता थापता. मी तो अर्धा तांब्या दोन्ही पायांना पुरवला. पुण्यात मी आंघोळीला दोन बादल्या वापरतो.

तीन तासांनी पाणी उतरलं. पुलावर गाळ, आणि चुन्याच्या दगडांपैकी दोनच शिल्लक. पाटोद्याकडे जायची कोणाचीच तयारी नव्हती, जीप मागे वळली. ड्रायव्हरने भाडं अर्धंच घेतलं, मी पुरं देऊ केलं तर म्हणाला, "पोचवलं कुठं?" संध्याकाळी बीडमध्ये भुरभुरही नव्हती, पण बिंदुसरा नदीच्या कडेची माणसं आपापल्या दुचाक्या वरच्या गल्लीत नेऊन लावत होती. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. लॉजवर मी वरच्या मजल्याची खोली मागून घेतली.