शिवलेलं गलबत, १:३० – नोंद पाचवी: नववी फळी आणि तळातला माल

मंडळी, गेल्या नोंदीत मी "महिन्याभरात दोन्ही बाजू शिवून संपवते" असं लिहिलं होतं. ते विसरा. एका बाजूच्या चौदा फळ्यांपैकी नऊ झाल्यात आणि दहावीने मला जागच्या जागी बसवलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. साधारण ११४० च्या सुमाराला मंगळुरूहून मिरी आणि लोखंड भरून येमेनमधल्या एडन बंदराला निघालेल्या व्यापारी गलबताचं मॉडेल मी करतेय, खऱ्याच्या तिसाव्या हिश्शाचं (१:३०). खिळा एकही नाही, फळ्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या. लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी एकवीस. ही मापं बेलितुंगच्या जहाजावरून घेतली आहेत. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडलेलं ते अरबी बांधणीचं जहाज चीनमधून साठेक हजार भांडी घेऊन निघालं होतं. त्यातल्या एका वाडग्यावर चिनी पद्धतीने सालच लिहिलेलं आहे, ते ८२६ चं निघतं. जहाज अंदाजे अठरा मीटर लांब होतं, म्हणून १:३० ला माझे साठ सेंटिमीटर.

इथे जाणकार लगेच हात वर करतील. नवव्या शतकातलं जहाज बाराव्या शतकाला कसं चालेल? मलाही हा प्रश्न पडला होता. शेवटी इब्न जुबैरने कौल दिला. हा स्पेनहून हजला निघालेला गृहस्थ ११८३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात पोचला आणि तिथली गलबतं त्याने नीट बघून ठेवली. खिळा अजिबात नाही, नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटून, वळून त्याने शिवलेली, शिडं विणलेल्या चटयांची, आणि वरून तूप, एरंडेल किंवा शार्कचं तेल चोपडलेलं. त्यातही शार्कचं उत्तम, असं तो सांगतो. म्हणजे माझ्या गलबतानंतर चाळीस वर्षांनीही हीच पद्धत जोरात होती. सांगाड्याची ठेवण हुबेहूब तशीच असेल असा माझा दावा नाही; शिवणकाम मात्र निर्धास्तपणे करतेय.

शिवत का होते, यावर त्या काळच्या लेखकांचं उत्तर मजेशीर आहे. दहाव्या शतकातला अल-मसूदी म्हणतो की या समुद्राचं पाणी लोखंड खाऊन टाकतं. माझं मत साधं आहे: नारळ दारात, काथ्या हाताशी, आणि शिवलेलं गलबत आपटलं तरी लवतं. नुसत्या नखाने दाबल्यावर माझी सांधलेली बाजू किती लवते ते बघून हे पटलं. खिळ्यांनी केलेलं माझं जुनं मचव्याचं मॉडेल असं लवत नाही, सरळ तडकतं.

आता कामाचं. पहिल्या तीन फळ्या मी बाजारातल्या तपकिरी काथ्याने शिवल्या आणि तिन्ही उसवाव्या लागल्या. तो काथ्या राठ असतो, भोकातून वळताना तुटतो. दापोलीच्या मामींना फोन केला तर त्या हसल्याच. "अगं, तो पायपुसण्याचा काथ्या. हिरव्या नारळाची सोडणं खाडीत पुरून कुजवलेली हवीत, तो मऊ निघतो." मग त्यांनी कुजवलेल्या सोडणांचं एक बोचकं एसटीतून पाठवलं. घरी आणून कुटलं, धुतलं, पिंजलं. मॉडेल करणाऱ्यांच्या दृष्टीने यात एक लॉटरी आहे: १:३० ला खऱ्या दोरीची जाडी काथ्याच्या एका सुट्या तंतूएवढी येते. सुंभ वळायचीच गरज नाही. तंतू रात्रभर पाण्यात ठेवायचा, ओला असतानाच ओवायचा. सुकला की स्वतःच आवळून बसतो.

भोकांचं गणित मात्र जीवघेणं आहे. चार मिलिमीटर अंतर धरूनही एका सांध्याला दोन्ही फळ्यांची मिळून तीनशेच्या आसपास भोकं होतात. ०.६ चे अकरा ड्रिल बिट मोडले. पाचव्या फळीला भोकं काठाच्या फार जवळ पाडली आणि ती उभी चिरली. तेव्हापासून पट्टीवर खुणा करून एक साचा केला, तो चिमट्याने फळीवर लावते आणि मगच ड्रिल धरते. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर सागवानाच्या दोन पट्ट्या वाचल्या असत्या.

तेलाचा प्रयोगही झाला. मुशीचं, म्हणजे शार्कचं तेल मिळवलं होतं. एका फळीला लावलं आणि घरातल्यांनी मला गच्चीत काढलं. इब्न जुबैरने एरंडेलाची सवलत दिलेली आहे, तीच घेतली.

पण खरं सांगायचं तर गेले सहा आठवडे फळ्यांपेक्षा तळातल्या मालात जास्त गेले. आधी वाटलं होतं, गोणपाटाच्या चार पिशव्या शिवायच्या, वाळू भरायची, झाली मिरी. मग अब्राहम बेन यिजूचे कागद वाचायला घेतले आणि सगळा बेत फिरला.

बेन यिजू हा मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा ज्यू व्यापारी. ११३२ च्या सुमारास तो मंगळुरूला आला आणि ११४९ पर्यंत बहुतेक तिथेच राहिला. त्याची पत्रं, हिशेब, याद्या टिकून राहिल्या त्या एका धार्मिक रिवाजामुळे. देवाचं नाव असू शकेल असा लिहिलेला कागद नष्ट करायचा नाही, म्हणून जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका बंद कोठीत शतकानुशतकं कागद टाकले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथला मोठा ढीग केंब्रिजला गेला आणि मग त्यातून हिंदी महासागराचा अख्खा बाजार बाहेर आला. भाषा अरबी, लिपी हिब्रू.

त्यात तळात काय भरायचं ते सरळ लिहिलेलं आहे. मिरी, लोखंड, वेलदोडे, सुपारी. सुपारीला अरबीत 'फौफल' म्हणतात, हे वाचून मी उठून आईला सांगून आले. आपलं फोफळच ते! लोखंडाचे प्रकार वेगवेगळे, त्यातल्या एकाचं नाव 'अंडी'. मोहरीला काळा रंग देऊन मी ती अंडी केली. आकार नावावरून धरला आहे, कोणाकडे याहून चांगला पुरावा असेल तर मोहरी परत डब्यात जाईल.

शिवाय पितळेची भांडी. बेन यिजूचा मंगळुरूत धातूकामाचा कारखाना होता. एडनचे मित्र मोडकी तांब्यापितळेची भांडी वजन करून पाठवायचे आणि त्यातून अमुक मापाचं तबक, तमुक घडणीचा दिवा करून परत पाठव म्हणून कळवायचे. म्हणजे कच्चा माल अरबस्तानातून आला, कारागिरी मंगळुरूची, गिऱ्हाईक पुन्हा एडनचं. माझ्या डोक्यात 'भारतातून मसाले जायचे, बदल्यात सोनं यायचं' एवढंच शाळेतलं वाक्य होतं. परतीच्या गलबतात सोन्याबरोबर साखर, मनुका, बदाम, साबण आणि कागद येत होता. कागद खास करून, कारण मंगळुरूत तो सहज मिळत नसे. म्हणून बेन यिजू आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेतसुद्धा हिशेब लिहायचा. त्याच्या या काटकसरीचे मी रोज आभार मानते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते उधारीने. एका स्थानिक माणसाने वेलदोड्यांसाठी आगाऊ रक्कम घेतली आणि माल दिलाच नाही. एडनहून वर्षानुवर्षं तगादे येतात. वाऱ्यामुळे पत्राचं उत्तर यायला एक मोसम जाणार, समुद्रापलीकडून वसुली करणं सोपं नाही. तरीही व्यवहार थांबत नाहीत. कारण सगळा धंदा ओळखीवर. एडनमधला ज्यूंचा प्रमुख मदमून एका पत्रात बेन यिजूला सांगतो की मंगळुरूच्या सूस सीती, कनाबती आणि इसहाक बन्यान यांना माझा निरोप दे, जहाजात भागीदारी करू. बन्यान म्हणजे वाणी. वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांची नावं अशी एका ओळीत, कोणी त्याचं कौतुकही करत नाही. मला हे कुठल्याही सौहार्दाच्या भाषणापेक्षा खरं वाटतं, कारण विषय पैशाचा आहे.

अर्थात सगळं गोड नाही. बेन यिजूचा मुनीम बोम्मा हा त्याचा गुलाम. मालकाचा माल आणि पैसा घेऊन तो एडनला जातो, एकदा तिथे दारू पिऊन मदमूनकडे पैशासाठी हटून बसतो. पुढच्या पत्रांत मात्र व्यापारी त्याला आदराने सलाम कळवतात. आशू नावाच्या दासीला बेन यिजूने मंगळुरूतच मुक्त केलं, त्या दस्तावर १७ ऑक्टोबर ११३२ ही तारीख आहे. ती बहुधा त्याच्या मुलांची आई. डेकवर बोम्मा असणारच. साडेपाच सेंटिमीटरचा, एम-सीलचा. पहिल्या वेळी हात इतके मोठे झाले की तो मल्ल वाटत होता, आता दुसरा करतेय.

प्रवाशांमध्ये एक आपल्याकडचाही ठेवलाय. अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चेऊलला आला होता. त्याच्या लिहिण्यात ते सैमूर. तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीला दिसले: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' असं वेगळं नाव होतं. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. डहाणूजवळच्या चिंचणीच्या ताम्रपटात याचीच पुढची पायरी दिसते. ९२६ मध्ये राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार बघणारा माणूस चक्क ताजिक, म्हणजे अरब. संस्कृतात त्याचं नाव मधुमति, म्हणजे मुहम्मद. त्याने ओढ्यांवर पलीकडे नेणाऱ्या फुकट होड्या चालू केल्या, अन्नछत्रात भात, कालवण, तूप. आणि देवीच्या मठाला त्याच्याच संमतीने जमीन. माझा प्रवासी या सगळ्यानंतर दोनशे वर्षांनी जन्मलेला, चेऊलचा बयासिरा. त्याच्या पायात काय घालावं यावर सल्ला हवाय.

बोरिवलीच्या एकसरला जाऊन शिलाहारकालीन वीरगळही बघून आले. डोलकाठी आणि दोरांसाठी काही मिळेल अशी आशा होती. दगडावर आरमारी लढाई कोरलेली आहे, जहाजांना वल्ह्यांच्या रांगा, टोकं उंच उचललेली. देखणी आहेत, पण ती लढाऊ जहाजं. मालवाहू गलबतात वल्हेकऱ्यांची रांग बसवली तर मिरी ठेवणार कुठे? फोटो काढले, वडापाव खाल्ला, परत आले.

सुकाणूचा निर्णय मात्र झाला. १२३७ मध्ये बगदादला अल-वासितीने चितारलेल्या पोथीतल्या जहाजाला मागच्या टोकाला मधोमध टांगलेलं सुकाणू आहे. ते शंभर वर्षं मागे ढकलायचं धाडस मला नाही, म्हणून मागच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठं वल्हं बांधलंय. नाखवा त्यातलं डावं धरून उभा राहील. (नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आलेला. आपले कोळी बांधव हजार वर्षांचा शब्द रोज वापरतात.)

मालाबद्दल शेवटचं. एडनच्या खलफ इब्न इसहाकने बेन यिजूला एका बुडालेल्या जहाजाची बातमी कळवली आहे: मिरी सगळी गेली, लोखंडातलं थोडं पाणबुड्यांनी वर काढलं. हे वाचल्यावर मी पोत्यांची जागा बदलली. लोखंड अगदी तळाशी, कण्यालगत, भार म्हणून. त्यावर मिरी, ओल लागू नये म्हणून खाली झावळ्यांची चटई. भांड्यांच्या पेट्या वर.

दहाव्या फळीचं काय, तर आषाढ लागलाय, हवेत पाणी आहे, सागवानाची पट्टी फुगून सांध्यात बसेना. तासली तर उन्हाळ्यात फट पडेल. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत शिवणकाम बंद, तोवर माणसं आणि पोती. माझं गलबत तसंही मंगळुरूहून एडनला जाणारं, त्याला ईशान्येचा वारा हवा, तो दिवाळीच्या सुमाराला सुरू होणार. घाई फक्त मलाच आहे.